कूलरला बांधलेली नक्षी

"झीशान, पेटीखाली बघितलंस का?" खुशनुमा ओरडली.

"पेटीखाली, पेटीत, पेटीमागं! नाय म्हणजे नाय!" धाकटा भाऊ पार वैतागला होता.

ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत उस्मानपुऱ्यातल्या आजोळच्या घरातून मुबारकनानांचा जाला बेपत्ता झाला होता! जाला म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांचा भलामोठा जुडगा. हिमरूचं नक्षीदार कापड विणताना कुठला धागा कधी उचलायचा, ते या गाठीच सांगतात. नक्षी कागदावर उतरवायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हतीच. नानांची नजर गेली होती, पण बोटं अजून गाठी वाचायची. आणि अकरा वाजता युरोपातल्या एका जुन्या विद्यापीठातल्या संशोधक बाई खास जाला बघायला येणार होत्या!

"पेटी ठेवलेली ती पाहुण्यांची खोली कुणी आवरली?" शेजारच्या तनुजानं विचारलं.

"तौफिकमामूंनी. पण ते म्हणतात, मी कशालाच हात लावला नाय!"

खिडकीतल्या कूलरला आजच नवं गवत लागलेलं दिसत होतं. तनुजानं डोळे मिचकावले आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "मामू, कूलरचं गवत लई ढिलं बांधलंय! पडतंय बघा!"

"ढिलं?" मामू तावातावानं बाहेर आले. "आज सकाळी मी स्वतः बांधलंय! चांगला जाड जुडगा कापून!"

"कुठला जुडगा, मामू?"

मामूंचा चेहरा उतरला. "तो... पेटीवर पडलेला गुंता. उरलेला घंटागाडीत टाकला."

तिघं कूलरकडे धावली. ओल्या गवताभोवती नानांच्या गाठी करकचून आवळल्या होत्या. नखं दुखेपर्यंत मुलांनी एकेक दोरा सोडवला. हाती आला तो निम्माच. घंटागाडी केव्हाच निघून गेली होती.

बाई आल्या. "आमच्याकडे कुणी तारे मोजतं, कुणी मधमाश्यांचे पंख, कुणी विसरलेल्या भाषा वाचतं," त्या हिंदीत सांगू लागल्या. "मी जुनी कापडं बघते. या फोटोतला तुकडा शंभर वर्षं आमच्या कपाटात आहे. पण तो विणायचा कसा, ते एवढ्या मोठ्या विद्यापीठात कुणालाच ठाऊक नाही!" त्यांच्या फोटोत वेल होती आणि वेलीवर फूल.

नानांची बोटं दोऱ्यांवरून सरकली. "ही आमचीच वेल. इथं वळते... इथं पान..." आणि कापलेल्या टोकापाशी बोटं थांबली. "फूल गेलं," नाना म्हणाले. "ते माझ्या डोक्यात कधी नव्हतंच. गाठींतच होतं."

मामू मान खाली घालून उभे होते.

"पोरांनो, तुमच्यामुळे वेल तरी वाचली. शाबास!" बाई म्हणाल्या. झीशान आणि तनुजा लाजून हसली. खुशनुमाला मात्र ती शाबासकी नकोशी झाली. 'बस बेटा, गाठी शिकवतो,' असं नाना तीन सुट्ट्या म्हणत होते आणि ती 'उद्या, नाना!' म्हणून खेळायला पळत होती. मामूंनी कात्री एकदाच चालवली होती. तिनं मात्र तीन सुट्ट्या वाया घालवल्या होत्या. तेव्हा हाताशी असलेलं फूल आता तिला कधीच वाचता येणार नव्हतं, आणि याचं तिला फार वाईट वाटलं.

ती नानांना खेटून बसली. "नाना, पहिली गाठ कुठली?"

नानांनी तिचं बोट ओल्या दोऱ्यावर ठेवलं. "ही. पण बेटा, फुलापर्यंत आपण पोचणार नाय."

"माहीत आहे, नाना," ती म्हणाली आणि चाचपडत दुसरी गाठ शोधू लागली.