सात खोट्या तक्रारी, एक खरी

तक्रार करून त्या गिऱ्हाइकाला फार तर काय मिळणार होतं? खुर्चीचं एक नवं चाक आणि तेलाची लहानशी बाटली. एवढ्यासाठी कुणी शहाणा माणूस सात महिन्यांत सात तक्रारी लिहीत नाही. त्यानं लिहिल्या. म्हणजे त्याचा फायदा दुसरीकडेच कुठेतरी होता. ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची ती धाकटी भागीदार, धंद्यात भल्याभल्यांना पाणी पाजणारी... इथे मात्र साफ गंडली.

बारा वर्षं ती दादाबरोबर कंपनी चालवत होती. कारखाना दादाकडे, विक्री आणि तक्रारी तिच्याकडे. तक्रारीला दोन ओळींचं उत्तर पुरतं. ती दोन पानं लिहायची.

त्या दुपारी भुरभुर पाऊस होता. एका दुकानदाराकडून परतताना तिच्या चष्म्याची काडी निखळली. समोर पहिलं दिसलं त्या चष्म्याच्या दुकानात ती शिरली, चष्मा काउंटरवर ठेवला आणि खुर्चीत टेकली. टेकताक्षणी पाठीला ओळख पटली. खुर्ची त्यांचीच, निळी! आणि ही निळी खुर्ची घेतलेलं चष्म्याचं दुकान गावात एकच होतं, त्या सात तक्रारींवालं...

तिनं गर्रकन एक फेरी घेतली. आवाज नाही.

"ही कुरकुरते का हो?"

"छे! लोण्यासारखी फिरते," चष्मेवाला स्क्रू पिळता पिळता म्हणाला.

"मग आमच्याकडे सात वेळा कोण कुरकुरलं?"

त्याचा हात थांबला. चष्मा त्याच्या हातात, त्यामुळे तिला तो धूसर दिसत होता. पण लाल झालेले कान तशाही नजरेला दिसले.

"म्हणजे तुम्ही... ती उत्तरं...?"

"मीच. आणि तीन चाकं फुकट पाठवली आम्ही!"

"परत करतो. तिन्ही खोक्यातच आहेत." मग हळूच म्हणाला, "उत्तरं मात्र परत नाही देणार. 'खुर्ची कुरकुरली की आधी ऐकून घ्या, मग तेल घाला' — असं वाचल्यावर माणूस पुन्हा तक्रार करणार नाही तर काय करेल?"

तिनं हसू दाबलं. दाबलं गेलं नाही.

त्यानंतर तिच्या चष्म्याचा स्क्रू आश्चर्यकारक वेगानं सैल होऊ लागला. कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. तो काचा पुसून तिच्या नाकावर चष्मा बसवायचा, आणि बोटं कानामागे गरजेपेक्षा क्षणभर जास्त रेंगाळायची. असाच एकदा तो म्हणाला, "खुर्च्यांना एवढं छान लिहिता. माणसांसाठी का नाही लिहीत?"

टेबलाच्या खालच्या खणात तिची दोनशे पानांची कादंबरी होती. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर आता मागे फिरता येणार नाही, हेही तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती दादासमोर उभी राहिली. "दादा, मी कंपनी सोडतेय. लिहायचंय."

"रविवारी लिही की."

"रविवारीच लिहीत आले. दोनशे पानांची कादंबरी झालीय. आता सगळे वार हवेत."

दादानं पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. "अगं, बारा वर्षं घातलीस यात! वाचलंय का कुणी ते?"

"नाही."

"मग आधी एखाद्या परक्याला वाचायला दे. तो तुझी भीड न ठेवता बोलला, आणि ते ऐकूनही तुला जावंसं वाटलं, तर जा. मी अडवणार नाही."

आता परका म्हणून कुणाकडे गेली असेल ते सांगायला नको. चष्मेवाल्यानं चार दिवसांत पानं परत केली. "अप्रतिम! एक शब्दही बदलू नका."

तिचा चेहरा पडला. मग तापला.

"धडधाकट खुर्चीत सात दोष सापडले तुम्हाला. आणि माझ्या दोनशे पानांत एकही नाही?"

"तसं नाही... म्हणजे..." तो चष्म्याच्या डब्या उगाच सरळ करू लागला. "खरं बोललो आणि तुम्ही पुन्हा आलाच नाहीत तर?"

"खोटं बोललात तर नक्कीच येणार नाही. माझं सगळं पणाला लागलंय हो यावर!"

सोमवारी कंपनीत आठवी तक्रार आली. 'आपल्या नायिकेविषयी. ती आल्यागेल्या सगळ्यांना बसायला खुर्ची देते आणि स्वतः दोनशे पानं उभीच राहते. तिला काय हवंय, ते लेखिकेला माहीत आहे. लिहायचं धाडस होत नाही. चाळिसाव्या पानापासून पुन्हा लिहावं. हे वाचून आपण रागावलात तर तो माझा तोटा, आणि तो भरून येण्यासारखा नाही.'

तिनं ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा दुखलं, दुसऱ्यांदा पटलं, तिसऱ्यांदा तिनं शाई संपलेलं पेन बाजूला टाकून दुसरं शोधलं. मग कागद दादापुढे ठेवला.

दादानं सावकाश वाचला. "खुर्च्यांतलं याला ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "तुझ्यातलं मात्र कळतं. जा, बाई."

ती दुकानात शिरली तेव्हा तो एका काचेला घासून घासून झिजवत होता.

"आठव्या तक्रारीचं उत्तर द्यायला आलेय."

"दोन पानी?"

"एका ओळीचं. तिला काय हवंय ते सांगते — लिहायला सगळे वार हवेत... आणि वाचायला तू."

त्यानं तिचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा बसवला. यावेळी बोटं परत गेलीच नाहीत.

कादंबरी पुढच्या वर्षी निघाली. एका रविवारी पहिली प्रत घेऊन ती दादाकडे गेली, तेव्हा वहिनीनं दारातच सांगितलं, "तू गेल्यापासून दुपारचे घरी येत नाहीत. दोन्ही टेबलं तेच बघतात."

"आणि दुपारची झोप?" तिनं विचारलं. त्या झोपेसाठी दादानं मोठमोठी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली होती.

"काही नाही गं," आतून दादा ओरडला, "हल्ली झोप लागतच नाही मला!" आणि पुस्तक हातात घेऊन दहाव्या पानावर बसल्या बसल्या घोरायला लागला. तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून ठेवला. डोळे भरले होते, ते भरू दिले.

तर झालं असं: चष्मेवाल्याला ती मिळाली, तिला आठवड्याचे सातही वार मिळाले, आणि त्या सगळ्या वारांची किंमत दादानं आपल्या दुपारच्या झोपेनं भरली.