बुवांचा श्वास

श्रावणात पेणजवळच्या आमच्या जोहे गावात गणपतीच्या सगळ्या कारखान्यांत भजनं लागतात, माझ्या कारखान्यात नाताळची गाणी. इटलीत राहणाऱ्या एक मराठी बाई तिथल्या मंडळासाठी आमच्याकडून मूर्ती न्यायच्या, त्यांनी हा नाद लावला. ऑपेरा. म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त शब्द कळत नाय आणि मरणारा माणूससुद्धा दहा मिनिटं गातो. त्यातला एक गवई माझ्या डोक्यात असा बसला की विचारू नका. त्याचं नाव मला धड घेता येत नाय, म्हणून मी बुवा म्हणतो. बुवांची नाताळची बारा गाणी माझ्या मोबाइलमध्ये हायत. लोक हसायचे. हसोत मेले.

मी काळुराम, गणपतीचे डोळे आखतो. आखणी चालू असताना आमच्यात कुणी हाक मारत नाय. हात हलला की देव तिरळा झाला, मूर्ती फुकट. माझी बायको मालू याबाबतीत माझ्यापेक्षा कडक.

गेल्या श्रावणात, भर दुपारी, मालू कारखान्याच्या दाराशी येऊन बसली आणि गेली. हार्ट. माझी पाठ दाराकडे, मोठ्या आवाजात बुवा चालू. आखणी संपवून वळलो तेव्हा ती चौकटीला टेकलेली होती, अंग अजून ऊन, श्वास मात्र नाय. मधे फार तर सहा पावलं.

रोहिणी, आमची मुलगी, वरशाला, तिच्या सासरी असते. दहाव्याला तिनं एकच विचारलं, “आईनं हाक मारली असणार. तुम्हाला त्या गाण्यात ऐकू आली नाय ना?” त्यानंतर वर्षभर बोलली नाय. मालूनं हाक मारली की नाय, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्या एका गोष्टीपायी वर्षभर गाणी बंद ठेवली. या श्रावणात हात चालेना, म्हणून एकदा लावली. शेवटच्या गाण्यात चढा सूर लावायच्या आधी बुवा श्वास घेतात, एवढासा. तो मला जरा लांब वाटला. मी काही अंगात येणाऱ्यातला माणूस नाय, घड्याळ लावून बघितलं. दोन सेकंद. तिसऱ्या दिवशी पाच. आठवड्यानं अकरा. मोबाइलवर मात्र गाणं तेवढंच, चार मिनिटं अकरा सेकंदांचं.

मोबाइल पेणला दुकानदाराकडे नेला. त्याच्याकडे बुवा नेहमीसारखे गायले. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा न घेताच निघालो.

वर्षश्राद्धाला रोहिणी आली. जेवणं उरकल्यावर मी तिला कारखान्यात बोलावलं. यायला तयार नव्हती. म्हटलं, एक गाणं ऐक, मग जन्मभर बोलू नको. ती दारातच उभी राहिली.

बुवा गात होते. मग थांबले.

पंख्याचा आवाज येईना. बाहेर कुणीतरी मूर्तीवर पॉलिश कागद घासत होतं, तेही ऐकू येईना. ओल्या शाडूचा वास एकदम नाकात भरला. वर्षश्राद्धाला आमच्याकडे ओली शाडू नव्हती; मालू गेली त्या दुपारी होती.

मी सेकंद मोजायचं सोडून दिलं.

मग मालू बोलली. हळू, घरात बोलायची तशी.

“जरा थांबा. त्यांची आखणी होऊ दे.”

रोहिणीनं माझं मनगट धरलं. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

आणि कुणीतरी पुरुष, अगदी अदबीनं, म्हणाला, “बरं.”

बुवांनी चढा सूर लावला. गाणं संपलं, पंखा पुन्हा ऐकू यायला लागला.

रोहिणी रडत होती. “आईनं हाक नाय मारली, बाबा,” ती म्हणाली आणि वर्षानंतर पहिल्यांदा माझ्या खांद्यावर तिनं डोकं टेकवलं.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाय. त्या दुपारी गाण्याच्या भरात माझा हात असा चालला होता, की तासाभराची आखणी मी वीस मिनिटांत संपवली होती. नायतर ‘बरं’ म्हणणारा तो आणखी चाळीस मिनिटं थांबला असता.