खालच्या खिळ्यावरची किल्ली

निघायच्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली नाहीशी झाली.

अक्का आणि तिचा धाकटा भाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी घेऊन भटकत होते. मुक्काम कधी नातलगांकडे, कधी मित्रमंडळींकडे. हा चौथा मुक्काम अक्काच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे होता, आणि इथून पुढे सगळा उतरणीचा घाट.

अक्का पेशाने खासगी तपासनीस. धाकटा तिची गाडी चालवायचा आणि, त्याच्या मते, निम्मं डोकंही चालवायचा.

त्याने पहाटेच दोन बादल्या पाणी ओतून गाडी धुतली होती. गाडीच्या मागच्या चाकापासून हातभरावर, व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत बसलेले अप्पा, म्हणजे मैत्रिणीचे सासरे, तेव्हा सारखे "नको, नको" म्हणत होते. पाण्याची नासाडी म्हाताऱ्याला खुपत असेल, असं समजून धाकट्याने तिसरी बादली ओतली नाही. अप्पांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. जिभेवर "नको" हा एकच शब्द उरला. चहा पुढे केला तरी नको म्हणायचे आणि पिऊन टाकायचे. त्यामुळे त्यांचं बोलणं कोणी मनावर घेत नसे.

बॅगा भरून सगळे दाराशी आले, तर किल्ल्यांच्या फळीवरचा खालचा खिळा रिकामा. आदल्या संध्याकाळी वरचे खिळे भरले होते म्हणून मैत्रिणीने सगळ्यांदेखत किल्ली तिथे अडकवली होती. दाराची कडी पहाटे धाकट्यानेच काढली, आणि तेव्हापासून बाहेरचं कोणी आलं नव्हतं. म्हणजे जे काही झालं ते घरातच झालं होतं.

धाकट्याने गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. अक्काने एकेकाला गाठलं.

मैत्रिणीने आधीच कबूल केलं की पाहुणे आणखी दोन दिवस राहावेत असं तिला फार वाटत होतं. "पण त्यासाठी किल्ली कशाला लपवू? सरळ भांडले असते तुझ्याशी." बोलता बोलता ती अप्पांच्या मांडीवरचा पंचा बदलायला वाकली. सकाळीच घातलेल्या स्वच्छ पंच्यावर पिवळट डाग होता. "चहा सांडलात ना पुन्हा? आणि आज काय रुसलात कोण जाणे. रोज मूठ उघडून हात पुसते, आज हात लावू दिला नाही."

अक्काने तो पंचा हातात घेतला, दोन बोटांत चोळला आणि परत दिला.

मैत्रिणीचा नवरा तुटक बोलला. त्याला गाडी एक दिवस हवी होती, धाकट्याने नाही म्हटलं होतं. राग होता, तो त्याने लपवला नाही. मात्र आठला त्याची कामाची पाळी होती आणि किल्लीच्या गोंधळात त्याचाच खाडा होत होता.

उरली मैत्रिणीची नणंद, अप्पांची मुलगी. तिला याच गाडीतून घाटाखाली सासरी जायचं होतं. जायची इच्छा नाही, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. धाकटा अक्काच्या कानाशी लागला, "हीच. पैज लावतो."

"आपण आलो तेव्हा गाडी कशी चालत होती?" अक्काने भलतंच विचारलं.

"झकास. ब्रेक जरा खोल जात होता. उन्हाने होतं तसं."

अक्का अंगणात गेली. ऊन चढलं होतं, धुतलेली फरशी खडखडीत वाळली होती. डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी मात्र वीतभर ओल तशीच होती. ती तिथे वाकली, मग हात पुसत परत आली. एवढ्यात सकाळचा पहिला चहा आला. एवढा वेळ शोधाशोधीत चूल पेटलीच नव्हती.

अक्काने सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं.

"किल्ली ज्यांनी घेतली त्यांना आपल्याला थांबवायचंच होतं," ती म्हणाली. "पण मुक्काम वाढावा म्हणून नाही. आपण जिवंत राहावं म्हणून."

धाकटा हसायच्या बेतात होता, तो थांबला.

"पंच्यावर डाग पडला तेव्हा घरात चहाच झाला नव्हता. डाग बुळबुळीत होता. अंगण वाळलं, पण मागच्या चाकापाशी ओल राहिली, तीही तशीच बुळबुळीत. पाणी असतं तर उडून गेलं असतं. ते ब्रेकचं तेल आहे. ब्रेक खोल जात होता तो उन्हाने नाही. पहाटे एका माणसाने बोट लावून ते तेल ओळखलं आणि आपल्याला परोपरीने सांगितलं. त्यांच्याकडे शब्द एकच होता, आपल्याला तो पाण्याबद्दल वाटला. मग त्यांनी बसल्या जागेवरून हात पोचेल अशा खिळ्यावरची किल्ली काढली."

"पण ठेवली कुठे?" नणंदेने विचारलं.

"आज जी मूठ पुसू दिली नाही, तिच्यात."

अप्पांची मूठ सोडवायला मैत्रीण पुढे झाली, तिला अक्काने हाताने अडवलं. अक्का स्वतः खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"अप्पा, गाडी दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही निघत नाही. आता द्याल?"

अप्पांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट सोडवलं.

धाकट्याने गाडी उघडून ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. घाटातली वळणं त्याच्या डोळ्यांपुढून गेली, आणि मागच्या सीटवर नणंद.

मैत्रिणीचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. बाबांना आता काही कळत नाही, असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. ते त्याने स्वतःच ठरवलं होतं. वर्षभर त्यांच्यादेखत तो त्यांच्याविषयी बोलत आला होता. गॅरेज कोणाला द्यायचं, हेसुद्धा.

त्याने कामावर कळवलं आणि माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली. वडिलांची खुर्ची चाकाशेजारी नेऊन लावली. पहिलाच पाना त्याने चुकीचा उचलला. अप्पांनी तो त्याच्या हातातून फटकन उडवला आणि पेटीतल्या दुसऱ्याकडे बोट केलं.

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "हा का? बरं. पुढे काय, बाबा?"