कोरा न होणारा कागद

यंत्राच्या गरम रोलरमधून कागद बाहेर आला. अक्षरं जशीच्या तशी.

"कालपर्यंत कोरा होऊन यायचा," धाकटी सून म्हणाली. यंत्र तिनेच घरी बनवलं होतं. "उष्णता लागली की माझी शाई दिसेनाशी होते, त्याच कागदावर पुन्हा छापायचं. घरात रद्दी उरत नाही. फार गारठ्यात अक्षरं परत येतात, तेवढा दोष राहिलाय. पण हे काय झालं? तासाभरात खरेदीदार येतील. जमलं नाही तर यंत्र भंगारात आणि मी पुन्हा बँकेच्या काउंटरवर!"

"यंत्रच बिघडलं असेल," तिने बोलावलेल्या गुप्तहेर बाईंचे मेहुणे म्हणाले. प्रत्येक प्रकरणात ते काहीतरी म्हणतच.

"रोलर चटका देतोय, भावोजी. यंत्र ठीक आहे." बाईंनी शाईची टाकी हुंगली. "शाई बदललीय. ही साधी आहे."

सकाळपासून घरात आणखी तिघंच होते.

"त्या डबड्याने माझ्या खाटेची जागा खाल्ली, हे खरं," सासूबाई म्हणाल्या. "पण हात कोण लावणार? शॉक बसला तर?"

सुनेचा नवरा इस्त्रीच्या टेबलापाशी ऐटीत उभा होता. "मी इथून हललो नाही. दादाच्या बाहीवर पेन गळलं होतं. तो नको नको म्हणत होता, मी शर्ट ओढूनच घेतला. इस्त्री फिरवली, डाग गायब! हाताला गुण असावा लागतो."

दादा, म्हणजे थोरले दीर, कागदाचे घाऊक व्यापारी. "मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही," ते म्हणाले.

"सासूबाईच," मेहुणे कुजबुजले. "खाटेचा राग वाईट."

"भावोजी, फ्रीजरमधला बर्फ आणा."

बाईंनी बर्फ दिरांच्या बाहीवर दाबून धरला. पांढऱ्या कापडावर हळूहळू काळा डाग उमटला.

"पेनच्या शाईचा डाग इस्त्रीने जात नाही, उलट पक्का बसतो," बाई म्हणाल्या. "उष्णतेने जाणारी शाई या घरात फक्त त्या टाकीत होती. टाकी रिकामी करताना ती तुमच्या बाहीवर सांडली. म्हणून तर इस्त्री नको होती. घरोघरी तोच कागद पुन्हा वापरला, तर तुमची रिमं कोण घेणार? खरी शाई कुठे आहे?"

दिरांची मान खाली गेली. "गाडीच्या डिकीत. ओतून टाकवेना."

सुनेने धावत जाऊन टाकी भरली. छापलेला पहिला कागद रोलरमधून कोराकरकरीत बाहेर आला, आणि दाराची बेल वाजली.

"चुकलो गं. हवं तर लिहून देतो," म्हणत दिरांनी तोच कागद उचलला.

सुनेने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"याच्यावर पेन नको, दादा, हा पुन्हा छापायचाय. तुमच्या दुकानातला आणा."

आणि ती दार उघडायला गेली.