केसभर जाड

“त्या म्हाताऱ्याला म्हणावं, आता नवं तोंडच करून घे!”

असं ओरडत पाइपवाली वळली आणि दारात उभ्या अनोळखी माणसाला बघून तिनं जीभ चावली. राग होता एका निवृत्त न्यायाधीशांवर. तिनं घडवलेला तंबाखूचा पाइप त्यांनी चौथ्यांदा परत पाठवला होता. वाटी तापते, दांडी लांब आहे, लाकडाचा रंग मनासारखा नाही... एकेक गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप नुसता!

“मीही एका म्हाताऱ्याचंच काम घेऊन आलोय,” तो हसला. “आणि आमचे बाबा तर भलतेच हेकट आहेत.”

“या, या. तुमचीच कमी होती!”

बाबांची फुफ्फुसं संपत आली होती. तंबाखू कधीच बंद झालेली. पण रिकामा पाइप दातांत धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि जुना पाइप पडून फुटला होता. तिनं मेणाची पट्टी दिली. बाबांनी ती चावायची, त्या ठशावरून ही पाइपचं टोक घासणार. अशी तिची पद्धत.

तयार पाइप तो घेऊन गेला आणि पुढच्या गुरुवारी तोच घेऊन परत हजर. “टोचतोय म्हणतात.”

“मग मीच येते घरी. समोर बसून तासाभरात करून देते.”

“नको!” तो घाईनं म्हणाला. “त्यांना... नवी माणसं चालत नाहीत.”

त्याच्या पुढच्या गुरुवारी पाइप जड होता. मग परत टोचत होता.

“तुमच्या बाबांचा माझ्यावर राग आहे का हो?”

“त्यांचं माहीत नाही,” तो तिच्याकडे बघत म्हणाला. “माझा तरी नाही.”

पाइपऐवजी कानस बोटावर फिरली. एवढ्याशा रक्तासाठी त्यानं तिचा हात धरून ठेवला, आणि तिनंही तो लवकर सोडवून घेतला नाही. गुरुवारी बाई धुतलेला ॲप्रन घालू लागली होती, आता काय बोलायचं!

पाचव्या गुरुवारी नेमकं काय टोचतंय ते तिला कळलं. डाव्या बाजूला टोक केसभर जाड होतं. कानशीचे दोन हात, बस. तिनं कानस उचलली... आणि खाली ठेवली. नीट बसला की हा परत कशाला येईल?

“घ्या. आता बसेल,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. लबाड मेली!

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही. आला तो एका सोमवारी, भर दुपारी. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, हातात तोच पाइप.

“बाबा गेले.”

तिनं हातातली कानस खाली ठेवली.

“शेवटी पाइप मागितला. मी त्यांच्या तोंडात धरला, तर टोचतोय म्हणाले... काढ म्हणाले. मग काही बोललेच नाहीत.”

 गप्प बसली असती तर त्याला कधीच कळलं नसतं. पण तिला ते जमेना.

“ते टोक मी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मग तुम्ही आला नसता... आणि मला तुम्ही यायला हवे होतात.”

आता हा पाइप भिंतीवर आपटेल, असं तिला वाटलं. आपटावाच, असंही वाटलं. तो स्टुलावर बसला. पायानं लाकडाचा भुसा गोळा करू लागला.

“बाबांना माणसं फार आवडायची,” तो म्हणाला. “दारात कुणीही आलं तरी उठून बसायला धडपडायचे. तुम्ही घरी येते म्हणालात ना... मी खोटं बोललो. तासाभरात काम झालं असतं, आणि मग मला इथं यायला कारणच उरलं नसतं.”

ती टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली. हात भुशानं माखलेले. तसेच तिनं त्याच्या खांद्यावर ठेवले. माफी कुणी कुणाची मागायची?

“तुमच्याबद्दल सांगितलं असतं ना,” तो कसाबसा म्हणाला, “तर किती खूश झाले असते हो...”

“रडा,” ती म्हणाली, आणि त्याच्याआधी तिलाच रडू फुटलं.