दांडीवरची झीज

बाजारात सगळे त्याला कडीवाला म्हणत. दुकान कड्याकोयंड्यांचं, कुलपांचं, बिजागऱ्यांचं. शाळा लवकर सुटली होती, त्यामुळे जे काही कळलं ते मालाला हात लावून कळलं. गिऱ्हाइकाने दाराची जुनी मूठ समोर ठेवली की हा ती उलटसुलट करून म्हणायचा, ‘‘घरात कुणी डावखुरं आहे वाटतं?’’ गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. त्यात जादू कसली आली? हात जिथे रोज पडतो तिथला मुलामा जातो आणि खालचं पितळ वर येतं. तेवढं बघायला डोळे हवेत, बस्स.

त्याची एक आवडती गोष्ट होती. जुना दवाखाना पाडला तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या दांड्या त्याने भंगारात उचलल्या होत्या. चहाच्या पेल्याबरोबर ती गोष्ट तो हमखास ऐकवायचा. ‘‘घरातली दांडी ठिकठिकाणी झिजते. माणसं ठरलेली, धरायच्या जागा ठरलेल्या. दवाखान्यातली मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उजळते. येणारा जाणारा जिथे सुचेल तिथे धरतो ना!’’ ऐकणारे माना डोलवायचे आणि दुसरा पेला मागवायचे.

तर असा हा कडीवाला आईवडिलांचं बंद घर उघडून बसला होता.

वडील घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं. आईची नजर जवळजवळ गेलेली, पण ती हटून बसली, मीही तिथेच राहणार. आता डॉक्टर म्हणाले, घर नीट करून घ्या आणि घेऊन जा. फक्त एक सांगतो, हे पुन्हा पडले तर पुन्हा उठायचे नाहीत. थोरल्या बहिणीने तेवढंच वाक्य उचललं. ‘‘मग कशाला आणायचं? तिथे नर्स आहे, घंटा आहे. त्या घरात काय आहे?’’

‘‘दांड्या आहेत,’’ तो म्हणाला.

‘‘दांड्या! दुकानदार तो दुकानदारच.’’

पण त्याने मनावर घेतलं होतं. आई दर भेटीत हळूच विचारायची, ‘‘झालं का रे घर?’’ आणि वडील, ज्यांना कधीकधी त्याचं नावही आठवत नसे, तेही मान वर करून बघायचे. त्या नजरेपुढे बहिणीचं काही चालणार नव्हतं.

नेहमीचा सुतार हाताशी घेतला. न्हाणीघराची फरशी खरबरीत करून घेतली, पलंगाचे पाय कापले. निजायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत लांब बोळ होता, मध्ये एक वळण आणि वळणावर अडगळीची खोली. त्या बोळात त्याने गोदामातली सगळ्यात चांगली दांडी लावली, वर गडद तपकिरी मुलामा दिलेली भरीव पितळेची. केंद्रात जाऊन आईवडिलांना उभं करून मनगटाची उंची मोजून आणली होती. आणि दर भेटीत तो त्यांना साग्रसंगीत वर्णन करायचा. ‘‘खोलीतून बाहेर आलात की उजवीकडे दांडी. वळणाशी ती थोडी वाकते, तिथे जरा थांबायचं...’’ वडिलांना ऐकू कमी, म्हणून आई तेच खणखणीत आवाजात त्यांना पुन्हा सांगायची. तिचा आवाज असा की स्वयंपाकघरातून हाक मारली तर कोपऱ्यावरचा वाणी ‘आलो’ म्हणायचा.

दांडी लावून आठवडाही झाला नसेल. पडदे टांगायला म्हणून तो जेवणानंतर घरी आला. बोळातला दिवा लावला आणि जागीच थांबला.

दांडी झिजली होती.

दाराजवळ एक पिवळा डाग, वळणाशी एक, न्हाणीघराजवळ एक. मुलामा जाऊन पितळ उजळलेलं. अशी झीज व्हायला वर्षं लागतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने सुताराला बोलावून घेतलं.

‘‘काय रे, माझ्याच घराला जुना माल चिकटवलास?’’

‘‘शेठ, तुमच्याच गोदामातली दांडी. वरचा कागद तुम्ही स्वतः फाडलात.’’

‘‘मग हे काय?’’

सुताराने दांडीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. ‘‘मी सांगणार नव्हतो. तुम्ही हसाल म्हणून. मी दुपारचं काम बंद केलं ते उगाच नाही. जेवून जरा आडवा झालो की... कुणीतरी जातं इथून. अगदी सावकाश. दांडी धरून.’’

‘‘दुपारचं जेवण अंगावर आलं असेल.’’

‘‘असेल,’’ सुतार म्हणाला आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

कडीवाला हसला नाही. त्याने स्वतःच्या हाताने दांडी उतरवून नवी लावली. दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून तो भर दुपारी घरी आला आणि बोळाच्या टोकाला स्टूल टाकून बसला.

बाहेर ऊन रखरखत होतं. रस्ता सामसूम. बोळात मात्र जुन्या भिंतींचा गारवा, आणि नळातून अधूनमधून टपकणारं पाणी. बराच वेळ काहीच झालं नाही. त्याला डुलकी येऊ लागली. मग वास आला. आधी वडिलांच्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा, मागोमाग फिनेलचा, केंद्राच्या दारात पाऊल टाकताच नाकात शिरतो तोच. आणि आवाज. पावलांचा नव्हे. धातूवरून कोरडा तळवा सरकत यावा, तसा. सरकला... थांबला. पुन्हा सरकला... थांबला.

वळणाशी आवाज बराच वेळ थांबला.

मग अगदी त्याच्या गुडघ्यांजवळून हवा हलली, आणि न्हाणीघराचं दार, जे त्याने ओढून घेतलं होतं, हळूच आत गेलं.

भीती भुताची नव्हती. मलमाचा वास ओळखीचा होता, आणि ओळखीचा होता म्हणूनच छातीत धस्स झालं होतं. त्याने केंद्राला फोन लावला.

‘‘माझे आईवडील... दोघं... बरे आहेत ना?’’

‘‘छान आहेत की,’’ नर्स म्हणाली. ‘‘जेवले, आडवे झालेत. डोळे मिटलेत. आई काहीतरी बोलतायत, रोजच्यासारख्या.’’

त्याने फोन ठेवला आणि दांडीला हात लावून बघितला. दांडी कोमट होती. नव्या मुलाम्यावर दाराशी, वळणाशी, न्हाणीघराशी बोटांचे पुसट ठसे उमटू लागले होते. व्यापारी माणूस, हिशेब लागल्याशिवाय उठायचा नाही. प्रत्येक जागी त्याला एक रुंद पकड दिसली, वडिलांची. शेजारी एक अरुंद, आईची. पण त्याही खाली, दांडीच्या बुडाशी, एक तिसरी होती. लहानशी. वाकलेल्या, अगदी बुटक्या माणसाने खालून धरावी तशी.

हिशेब लागला नाही. पण दांडी त्याने पुन्हा बदलली नाही.

आईवडील आले त्या दिवशी बहीणही आली, कंबर कसून. सगळ्या घरातून ती वडिलांच्या चपला घालून, मुद्दाम लंगडत फिरली. फरशी घासून बघितली, दांडीला लोंबकळली.

‘‘ताई, दांडी माणसांसाठी आहे, वटवाघळांसाठी नाही.’’

‘‘गप बस. बाबांचा पाय एकदा जरी घसरला ना, मी त्याच गाडीतून दोघांना परत नेणार. सांगून ठेवते.’’ ती गमतीत बोलत नव्हती. दाराशी तिने गाडी थांबवून ठेवली होती.

आई मात्र पायऱ्या चढून आत आली आणि कुणाचाही हात न घेता चालू लागली. खोलीच्या दाराशी तिचा तळवा बरोबर त्या अरुंद डागावर पडला. जणू हातमोज्यात हात. तिच्या मागे वडील, रुंद डागावर.

‘‘आता वळण,’’ आई मोठ्याने म्हणाली. ‘‘जरा थांबा हं.’’

वडील थांबले. ज्यांना सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नव्हतं, ते.

‘‘आई,’’ कडीवाल्याने हळू आवाजात विचारलं, ‘‘तुला इतकं कसं पाठ?’’

‘‘अरे, रोज येत होतो की आम्ही.’’ ती हसली. ‘‘यांना घरच आठवेनासं झालं होतं. म्हटलं, घर विसरले तर परत जाणार कुठे? मग जेवण झालं की दोघांनी डोळे मिटायचे आणि मी यांना घरभर फिरवायचे. तू दांडी लावलीस, तीही घेतली त्यात. धरा, चला, थांबा. रोज.’’

बहिणीने तोंड फिरवून डोळ्याला पदर लावला. कडीवाल्याच्या मनावरचं ओझं उतरलं. म्हणजे हेच येत होते तर. आपलेच. मग त्याचं लक्ष दांडीच्या बुडाशी गेलं.

‘‘आणि ही तिसरी? खालून धरणारी?’’

आईने चाचपून बघितलं. तिची बोटं त्या लहानशा डागावर थांबली, आणि चेहरा एकदम मऊ झाला.

‘‘आली होय ती!’’

‘‘कोण?’’

‘‘शेजारच्या पलंगावरची. पाठीतून पार वाकलेली. तिला न्यायला कुणी यायचं नव्हतं, घरच राहिलं नव्हतं तिला. मी यांना सांगायचे ते पडद्यापलीकडून ऐकत राहायची. एके दिवशी मला म्हणाली, तुमचं न्हाणीघर फार लांब आहे हो. मला कसंतरीच झालं. म्हटलं, मग तुम्ही पण या की आमच्याबरोबर. घर आपलंच समजा.’’

‘‘आता... कुठे आहे ती?’’

‘‘गेली रे. आम्ही निघायच्या थोडं आधी. दुपारीच गेली, डोळे मिटलेले असतानाच.’’

बहिणीने कडीवाल्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत ‘गाडी उभी आहे’ असं स्पष्ट लिहिलं होतं.

तोवर वडील दांडी धरून एकटेच पार न्हाणीघराशी पोचले होते, आणि त्याच वेळी त्यांनी दांडी सोडली. का, ते देव जाणे. मागे अडगळीच्या खोलीकडे बघून त्यांना काहीतरी आठवलं असावं. ते वळले, दुसऱ्या हातातली काठी फरशीवरून निसटली, आणि ते मागच्या मागे जाऊ लागले. कडीवाला धावला, पण बोळ लांब होता. त्याला कळून चुकलं, आपण पोचत नाही.

वडील पडले नाहीत.

ते तसेच तिरके, अधांतरी थांबले. सदऱ्याची डावी बाही गोळा झाली होती, मुठीत धरावी तशी, आणि ती मूठ खालून होती, त्यांच्या कोपरापेक्षा खालून. मग कुणीतरी सावकाश बळ लावून त्यांना सरळ उभं केलं. बाही सुटली, चुण्या मात्र राहिल्या. फिनेलचा वास आला आणि विरला.

वडिलांनी खाली बघितलं, कुणाकडे तरी, आणि अगदी पूर्वीच्या शिस्तीत म्हणाले, ‘‘आभारी आहे, बाई.’’

बहीण भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे. तिने कडीवाल्याला विचारलं, ‘‘तू... तू तर नव्हतास ना जवळ?’’

‘‘नाही.’’

ती बाहेर गेली. तो समजला, आता गाडीवाल्याला आत बोलावणार. पण गाडी सुरू होऊन निघून गेल्याचा आवाज आला, आणि ती दोघांचं सामान घेऊन एकटीच परत आली.

‘‘इथे निदान घंटा वाजवायला लागत नाही,’’ ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, ‘‘अडगळीची खोली मोकळी कर. एक खाट टाक. आणि आत एक छोटी दांडी लाव, जरा खाली. तीही पडायला नको.’’ कडीवाल्याने मुकाट्याने लावली. हे काम त्याने सुताराला सांगितलं नाही. चार दिवसांत त्या दांडीवर लहानसा पिवळा डाग उमटला, आणि तो बघून त्याला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कुणाच्या तरी कामी आली दांडी. दुकानदाराला आणखी काय हवं?

वडील आता बरे चालतात. आईच्या दुपारच्या फेऱ्याही बंद झाल्यात, गरजच उरली नाही. बहीण आठवड्यातून एकदा येते आणि बोळातून जाताना अंग चोरून, समोरच्या भिंतीच्या कडेने जाते.

परवा जेवणानंतर कडीवाला सहज बोळात गेला. दिवा लावला. वडिलांचा डाग, आईचा, खालचा तो लहानसा, सगळे आपापल्या जागी असतील म्हणून त्याने दांडीवरून नजर फिरवली. डाग सापडेनात. जिथे डाग नव्हते तिथेही पितळ वर आलं होतं. दाराशी, वळणाशी, वळणाच्या अलीकडे, पलीकडे, वर, खाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडी सलग उजळली होती.

त्याने दांडीला हात काही लावला नाही. मग आईच्या खोलीपाशी गेला. केंद्रातलं ते दालन त्याला आठवलं, लांबलचक, दोन्ही बाजूंना पलंगांच्या रांगा, मध्ये नुसते पातळ पडदे. आईचा तो खणखणीत आवाज आठवला.

‘‘आई,’’ त्याने उंबऱ्यातूनच विचारलं, ‘‘तू या की म्हणालीस... ते फक्त तिलाच ना?’’

आई पडल्या पडल्या हसली. डोळे मिटलेलेच होते.

‘‘अरे, सगळे ऐकत होते. एकीलाच कसं बोलवायचं?’’