चाळीस मिनिटांची खेळी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी तिथं होतो. खोलीची किल्ली माझ्याच खिशात होती.

साल १९८८. मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटरची खोली.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर उन्हात घडली.

माझे थोरले भाऊ अंबादास त्या कॉलेजात गणित शिकवायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांना 'गो' नावाच्या जपानी खेळाचा नाद होता. पाटावर रेघा आखायच्या, एकानं काळ्या सोंगट्या मांडायच्या, दुसऱ्यानं पांढऱ्या, आणि एकमेकांची जागा घेरायची. शिरोलीच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरनं तो त्यांना शिकवला आणि जाताना एक पुस्तक दिलं. काळ्या सोंगट्या म्हणजे चिंचोके, पांढऱ्या म्हणजे वाळलेले पावटे.

समोर बसायला एकच माणूस. दादांचे जिवलग मित्र यज्ञेश्वर. पावटा ठेवण्याआधी ते तो पाटाच्या कडेवर दोनदा आपटायचे.

टक्... टक्.

आणि कायम हरायचे.

त्याआधी दोन वर्षांची गोष्ट. यज्ञेश्वरांची खेळी होती आणि दादा चहा आणायला आत गेले. आत पाहुणे बसलेले. परत यायला चाळीस मिनिटं लागली. येऊन बघतात तर एकाच पावट्यानं दादांचा डाव मोडलेला.

"हे तुझ्या डोक्यातनं आलेलं न्हाय," दादा म्हणाले. "कपाटातलं पुस्तक बघितलंस की न्हाय? खरं सांग."

"वेळ मिळाला म्हणून सुचलं रे. चोर म्हणतोस व्हय मला?"

यज्ञेश्वर उठले आणि चहा न घेता गेले. पाचव्या दिवशी त्यांना हार्ट अटॅक आला. संपलं.

दादांचा स्वभाव मुळात संशयी. मित्र गेला तरी संशय गेला नाही. पण झोप मात्र गेली. त्यानं फसवलं नसेल तर मी त्याला काय बोलून बसलो, हे एकच त्यांच्या डोक्यात.

मग कॉलेजात कॉम्प्युटर आला.

रविवारी खोली रिकामी असायची. दादांनी गो खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याची एक गंमत होती. एक मिनिट दिलं की तो दोन खेळ्या पुढचं बघायचा आणि गाढवासारखा खेळायचा. दहा मिनिटं दिली की तीन. दीड तास दिला की चार, आणि मग बऱ्यापैकी खेळायचा. वेळ आणि मशीनची ताकद वाढवावी तसा तो हुशार होत गेला.

दादांनी त्याला तो अर्धवट राहिलेला डाव घातला. यज्ञेश्वरांच्या जागी आता मशीन.

दीड तासातही त्याला ती खेळी सुचली नाही.

"बघ," दादा मला म्हणाले. "मशीनला सुचंना, यज्ञ्याला चाळीस मिनिटांत सुचलं?"

पुढं कॉलेजनं दीडपट वेगाचं मशीन घेतलं. दादांनी हिशेब केला. आणखी एक खेळी पुढं बघायला नऊ तास लागतील.

म्हणून त्या रविवारी सकाळी नऊला मशीन सुरू केलं. मी सोबतीला.

दोन दहाला लाईट गेली.

पाच तासांचं काम पाण्यात. दादांनी चिडून मशीनमधली प्रोग्रॅमची फ्लॉपी काढून खिशात घातली. फ्लॉपीशिवाय ते मशीन म्हणजे नुसता डबा. खोलीत उकडत होतं. मी कुलूप लावलं आणि आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो.

पंखे बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि मग आतून...

टक्... टक्.

मी दादांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात लाईट आली. घड्याळात दोन पन्नास.

मी कुलूप काढलं.

पडद्यावर डाव मांडलेला होता. पांढरी सोंगटी तिथंच होती, जिथं यज्ञेश्वरांनी ठेवली होती. खाली खेळीला लागलेल्या वेळेचा आकडा.

चाळीस मिनिटं.

"हे तू केलंस," दादा माझ्यावर ओरडले. "किल्ली तुझ्याकडं हाय."

"दादा, मी तुमच्या शेजारी बसलोय की. आणि फ्लॉपी कुठाय?"

त्यांनी खिशात हात घातला. फ्लॉपी खिशातच होती.

ते मटकन खुर्चीवर बसले. "चुकलं रे यज्ञ्या," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मला त्या वेळी त्यांची दया आली, आणि त्या खोलीची भीतीही वाटली.

दादांनी पुन्हा कधी प्रोग्रॅम चालवला नाही. घरी पाटावर तोच डाव मांडला, आपला एक चिंचोका ठेवला आणि डाव तसाच ठेवला. दर रविवारी पाटासमोर बसायचे, मग चहाला म्हणून आत जायचे आणि बरोबर चाळीस मिनिटांनी बाहेर यायचे. तेवीस वर्षं.

२०११ च्या एका रविवारी ते बाहेर आलेच नाहीत. कप हातात होता.

मी पोचलो तेव्हा सगळ्यात आधी पाट बघितला. सगळे पावटे जुने, पिवळे, किडीनं पोखरलेले. मधोमध एक मात्र...

पांढरा. ताजा.

"वहिनी, हा कुणी ठेवला?"

"मी त्या पाटाला हात लावत न्हाय भावजी," मीनाक्षीवहिनी म्हणाल्या. "ह्या घरात कुणीच लावत न्हाय."

आजचा मोबाईल असले डाव क्षणात सोडवतो. माझा मुलगा परवा म्हणाला, "बाबा, काकांचा डाव घालू का? तो शेवटचा पावटा काकांना सोडतोय की घेरतोय, लगेच कळंल."

मी नको म्हटलं.

यज्ञेश्वरांनी दादांना माफ केलं की त्यांना न्यायला आले, हे मला कळून घ्यायचं नाही.